बाकावरचा हात

१२ जून

प्रिय अक्का,

सलाम. सुखरूप पोचलो. तू शिवून दिलेली उशी लेकीनं पाहिली आणि "बाबा, ही कशाला आणली?" म्हणून माळ्यावर टाकली. ती कामावर गेल्यावर मी ती गुपचूप खाली काढली. बाकी घर चांगलं आहे. जावई कमी बोलतो, ही त्याची जमेची बाजू. या इमारतीच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, मला जिन्यातूनच ऐकू आलं. सेक्रेटरीला सांगितलं तर म्हणाला, "काका, तो असाच आवाज करतो." असाच आवाज करणारे पंप आणि अशीच बोलणारी माणसं, दोन्ही मी जन्मभर उघडून पाहत आलोय. आत काहीतरी निघतंच.

रविवारी लेकीच्या सांगण्यावरून इथल्या मोठ्या चर्चमध्ये गेलो. ती स्वतः येत नाही, मला मात्र पत्ता देते. दारात गळ्यात बिल्ला अडकवलेला एक तरणा उभा होता. त्यानं माझा हात असा काही धरला, जणू बुडता बुडता त्याला ओंडका सापडला. "अंकल, तुम्ही आमच्या घरचेच!" म्हणाला. नाव विचारलं नाही. घरच्यांचं विचारत नसतील. फोन नंबर मात्र तिघाचौघांनी मागितला. गाण्याच्या वेळी सगळे दिवे घालवतात. का, म्हणून विचारलं, तर मन एकाग्र होतं म्हणे. दिवे मंद करून माल दाखवणारा एक कापडवाला आपल्याकडे होता, आठवतो ना? तू त्याच्याकडून निळं कापड आणलंस आणि घरी ते जांभळं निघालं. शिवाय कर्णे एवढे मोठे, की मी गायलो की नुसतं तोंड हलवलं हे माझं मलाच कळलं नाही. ज्या मंडळीत मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तिथं देवाला काय येणार?

तेव्हा शोध चालू आहे. एक काम कर. आपल्या पाळकांना सांगून माझं सभासदत्वाचं बदलीपत्र काढून ठेव. मंडळी कुठलीही ठरो, पत्र हातात हवं. पत्राशिवाय गेलेला माणूस म्हणजे बिनपावतीचा पंप. चालला तरी चोरीचाच वाटतो.

तू माझ्याबरोबर यायला हवं होतंस. असो. तू ऐकणारी असतीस तर अक्का कशाला झाली असतीस.

तुझा,
भोंगा


२५ जून

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. फोन का करत नाहीस असं लेक विचारत असेल, तर तिला सांग, फोनवर बोललेलं समोर राहणाऱ्या नर्सला ऐकू जातं आणि तिथून दवाखानाभर होतं.

मोठ्या चर्चचं वाचून नवल वाटलं नाही. मुलींना शिवण शिकवण्यात माझा जन्म गेला, एवढं कळतं की ज्या कपड्याला बाहेरून जास्त झालर, त्याची आतली शिवण कच्ची. उपासनेनंतर चहा देतात का तिथं? देत असतील तर घेऊ नकोस. आपल्या मंडळीत आजवर कुणी कुणाला फुकट चहा पाजला नाही, म्हणूनच आपण एकमेकांवर विश्वास ठेवून आहोत.

इकडचं म्हणशील तर पाळकांनी परवा उधळ्या पुत्रावर उपदेश केला. पोरगं कुठं गेलं, काय खाल्लं, कसं परत आलं, सगळं सांगितलं. मधल्या काळात घरी बसलेल्यांचं काय झालं, यावर अक्षर नाही. वर त्यांच्या झग्याचा काठ मागून उसवलाय. मी उपासनेनंतर सांगितलं तर म्हणाले, "अक्का, तुम्ही उपदेश ऐकता की काठ बघता?" म्हटलं, दोन्ही बघते, दोन्ही उसवलेत.

तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. म्हणजे मी बसू देत नाही. गायनमंडळाची खालची पट्टीच गेल्यासारखी झालीय. वरचे सूर नुसते किंचाळतात, खाली धरायला कुणी नाही.

पत्राचं सांगते. सध्या छपराच्या गळतीपायी पाळकांना डोकं वर काढायला फुरसत नाही. घाई काय आहे?

अक्का


२० जुलै

प्रिय अक्का,

सलाम. छपराची गळती अजून बंद झाली नाही का? मी असतो तर एका दुपारचं काम होतं.

दुसरी मंडळी पाहिली. एका हॉलमध्ये भरते. प्रवचन सांगणारा गृहस्थ असा ओरडत होता, की देव वरच्या मजल्यावर राहतो आणि दार लावून बसलाय असं वाटावं. मला एकानं "ब्रदर, तुमच्या मनात काहीतरी ओझं आहे," असं सांगितलं. म्हटलं, आहे, माझ्या पायावर तुमचा पाय आहे. तिथून उठलो.

तिसरी मात्र, अक्का, मला बरी वाटली. बस डेपोच्या मागे, टायरवाल्याच्या शेजारी, लाल विटांची लहानशी इमारत. बाकं जुनी आणि जड, पाठीला एकच अखंड फळी. पेटीचा भाता डाव्या बाजूनं श्वास सोडतो. वाजवणाऱ्या बाई तो दम सांभाळून वाजवतात, म्हणजे बाईंना कान आहे. पाळक बुटके, आवाज मऊ. एका वचनाशी आले, थांबले आणि चक्क म्हणाले, "याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही." मला लगेच संशय आला. एवढा खरेपणा परवडतो कसा? पण गाणं सुरू झालं, मी खालचा सूर धरला, आणि पुष्कळ दिवसांनी माझा मला ऐकू आलो.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या रविवारी शेवटच्या गीताच्या आधी माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी पुढं सरकलं आणि माझ्या बाकाच्या पाठीवर एक हात आला. उजवा. जाड बोटं, अंगठ्याचं नख काळं. माझ्या खांद्यापासून वीतभर. बाक धरून उभं राहायला घेतात तसा नाही. पंजा सपाट टेकवलेला.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो हे तुला सांगायला नको. मंडळीच्या कारभारी वडीलजनांपैकी कुणी एखाद्याच्या बाकावर असा हात ठेवला, की चार लोकांत बोभाटा न करता त्याला कळवलं, "तुझ्याबद्दल तक्रार आहे, उपासनेनंतर पाळकांच्या खोलीत ये." आपला तो घड्याळजी हात दिसताच शेवटचं गीत संपायच्या आत छत्री टाकून पळाला होता, तो पुन्हा आला नाही. छत्री अजून खुंटीवर असेल.

कसंबसं गीत पुरं केलं. गीत संपल्यावर मागे वळलो. पांढऱ्या मिशांचा, खांद्यानं रुंद म्हातारा. माझ्याकडे रोखून बघत होता. पाळकांच्या खोलीपाशी मी मुद्दाम रेंगाळलो, पण कुणी आत बोलावलं नाही. त्यानं जास्तच अस्वस्थ झालो.

मी इथं येऊन कुणाचं काय बिघडवलं? इथं मला ओळखतं कोण? तिकडून कुणी काही कळवलं असेल का? तू पाळकांशी बोललीस का? खरं सांग.

तुझा,
भोंगा


९ ऑगस्ट

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं.

हात उगाच कुणी ठेवत नाही. मी तुला आधीच म्हटलं होतं, पण धाकट्या भावांना देवानं कान दिले ते दुसऱ्यांचे पंप ऐकायला. आता आठवून बघ. मंडळीच्या टाकीचं कनेक्शन बदलताना तू कोषाध्यक्षांना सगळ्यांसमोर "तुम्हाला पाण्यातलं काही कळत नाही" म्हणाला होतास. त्यांचा एक मावसभाऊ त्याच शहरात असतो असं ऐकून आहे. मी काही म्हणत नाही. माणसं मनात ठेवतात एवढंच म्हणते. आणि जो पाळक पुलपिटावरून "मला कळत नाही" म्हणतो, तो सभासदांबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं लगेच खरं मानत असणार. स्वतःचं काही नसलं की माणूस उसनं घेतो.

त्या मंडळीत जाऊ नकोस. तसं पाहिलं तर कुठल्याच मंडळीत जायची सक्ती नाही. देव घरीही ऐकतो. आणि घर म्हणशील तर इथलं तुझं घर कुणी पाडलेलं नाही.

बदलीपत्राचं राहिलं, कारण मंडळीचा शिक्का सापडत नाही. शिक्क्याशिवाय पत्राला काय अर्थ?

मी ठीक आहे. वरच्या खोलीत ऊन फार येतं म्हणून पलंग खाली तुझ्या वर्कशॉपात आणवलाय. ग्रीसचा वास येतो, पण सवय होते. तुझी हत्यारं भिंतीवर जशीच्या तशी आहेत. एक मोठा पाना तेवढा काढून घेतलाय, खिडकी ढकलायला बरा पडतो.

अक्षर वाकडं आलंय, कारण पेन चांगलं नाही.

अक्का


२४ ऑगस्ट

प्रिय अक्का,

सलाम. तू जाऊ नको म्हणालीस, आणि मी गेलो. तक्रार असेल तर ती ऐकल्याशिवाय पळणारा मी घड्याळजी नाही. मी फडकं मारणाऱ्या नोकरापासून दुकानाचा मालक झालो तो तक्रारी ऐकूनच. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की खोटं कोण बोलतंय, पंप की गिऱ्हाईक, हे मला कळायचं. या म्हाताऱ्याचं मात्र कळेना.

मी जागा बदलली. उजवीकडे खांबाच्या आड बसलो. प्रार्थनेला डोळे मिटले, उघडले, तर हा मागे. पुढच्या खेपेला अगदी शेवटच्या बाकावर बसलो. म्हटलं, आता मागे भिंत आहे, बघू काय करतो. अक्का, तो पुढच्या बाकावर येऊन बसला आणि हात मागे वळवून माझ्या गुडघ्यांसमोरच्या फळीवर सपाट ठेवला! लेकीला सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, तुमचं पाकीट तर नाही ना बघत?" मी आता पाकीट घरी ठेवून जातो. तरी त्याचा हात येतोच. म्हणजे पाकीट नव्हे.

त्याच रविवारी प्रभुभोजन होतं. सगळे उठून भाकर आणि द्राक्षरस घ्यायला मेजाकडे गेले. म्हातारा मला कोपरानं ढोसून "चला" अशी खूण करून गेला. मी बसून राहिलो. बदलीपत्राशिवाय मेजाला कसा जाणार! एवढ्या मोठ्या खोलीत बसलेला मी एकटा. तुझी वहिनी गेल्यानंतरही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा शेजारी तू होतीस. पाळक नंतर दारात म्हणाले, "पत्र आलं की सांगा हं." प्रेमानं म्हणाले. पण पत्र का येत नाही असं त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना ते ठाऊक असणार, असं मला वाटलं.

आता तुला सरळ विचारतो. आधी पाळकांना वेळ नव्हता, मग शिक्का हरवला. पाणी न ओढणारा पंप कसा वाजतो माहीत आहे? आवाज भरपूर, नळाला थेंब नाही. तुझी पत्रं मला तशी वाजू लागलीत. पाळक माझं पत्र द्यायला नाही म्हणाले का? काय तक्रार असेल ती सांग. वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस.

तुझा,
भोंगा


१० सप्टेंबर

चि. भोंग्यास,

मोठ्या बहिणीला पंप म्हणायची तुझी हिंमत झाली, यावरून शहर मानवलेलं दिसतं.

मला काही माहीत नाही. पाळकांच्या मनातलं पाळकांना ठाऊक. तुला तिथंच राहायचं असेल तर राहा, कुणाच्याही हाताखाली बस. मी कोण सांगणारी?

पुढचं पत्र सवडीनं लिहिलंस तरी चालेल.

अक्का


२२ सप्टेंबर

प्रिय अक्का,

सलाम. सवड काढून लिहितोय. चहा घेऊन बस आणि मग वाच.

या रविवारी ठरवून गेलो होतो, काय तो निकाल लावायचा. नेहमीच्या जागी बसलो. शेवटचं गीत सुरू झालं, मागून हात आला. मी दोन कडवी गायलो आणि तिसऱ्याच्या मध्यावर मुद्दाम गप्प झालो. म्हटलं, आता मागे वळतो आणि विचारतो. पण वळायचा धीर होईना. गीत माझ्याशिवाय संपलं. आशीर्वादासाठी सगळे माना खाली घालून उभे. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि त्या शांततेत माझ्या कानामागे, टायरवाल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, सपाट आवाजात प्रश्न आला:

"बंद का केलंत?"

सगळं चर्च वळलं. पाळकांचा आशीर्वादासाठी वर केलेला हात वरच राहिला. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर उघड आरोप झाला, आणि तो काय, तर मी गायचं थांबलो!

मी म्हणालो, "काय बंद केलं?" म्हाताऱ्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच गरजला, "चांगलं चाललं होतं की! मधेच का तोडलंत?" पेटीवाल्या बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. शेवटी पाळकीणबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "काका, रागावू नका. यांना ऐकू येत नाही. लाकूड कापायच्या गिरणीत जन्म गेला, कान तिथंच राहिले. इथं पोस्टातले एक गृहस्थ होते, तुमच्यासारखा खालचा सूर लावायचे. हे त्यांच्या मागे बसून बाकावर हात ठेवायचे. ते वारल्यापासून दर रविवारी वेगवेगळ्या बाकांवर हात ठेवून बघत होते, पण बाकीच्यांचा आवाज फळीत उतरत नाही. पहिल्यांदा तुमच्या बाकावर हात ठेवला त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं, 'आज गाणं आलं.'"

म्हाताऱ्यानं माझा हात धरला, बाकाच्या पाठीवर सपाट ठेवला आणि बाईंना खूण केली. बाईंनी पेटीवर सगळ्यात खालचा सूर दाबला. अक्का, फळी जिवंत झाली. तळहातातून कोपरापर्यंत चढलं. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "लाकडातून येतं." जसं काही ते झाड त्यानंच लावलंय.

आणि मला माझीच लाज वाटली. मी जन्मभर काय केलं? मोटार चालू करून तिच्या अंगावर हात ठेवला. कानाला लागत नाही ते हाताला लागतं, हे हाताखालच्या किती कारागिरांना मी शिकवलं! आणि माझ्या पाठीशी कुणी तेच करत होतं, तर मी पाकीट घरी ठेवून जात होतो. आपल्या मंडळीचा हात मी सगळ्या जगाच्या मनगटाला लावून बघत होतो.

घरी आलो आणि विचारात पडलो. या हाताचा तक्रारीशी संबंध नाही. मग माझं पत्र कुठं अडलंय? इतके दिवस पाळकांना फोन करायला मी घाबरत होतो, तक्रार कानानं ऐकायची तयारी नव्हती. काल केला. ते म्हणाले, "बदलीपत्र? मला कुणी मागितलं नाही. अक्का तर म्हणाल्या, तुम्ही हवापालटाला गेलात. परत कधी येताय?" शिक्क्याचं विचारलं तर म्हणाले, "शिक्का माझ्या टेबलावर आहे." मग मी विचारलं, अक्का बऱ्या आहेत ना? ते म्हणाले, "ते त्यांनाच विचारा. मला बोलायची बंदी आहे."

तुझी सगळी पत्रं समोर मांडून बसलो. पहिल्या पत्रात पाळकांचा उपदेश आहे, झग्याचा काठ आहे. त्यानंतर एकाही पत्रात नाही. पाळकांची चूक न काढता तू सलग दोन रविवार काढणं शक्य नाही. म्हणजे तू उपासनेला जात नाहीस. पलंग खाली आला, तो उन्हामुळं नव्हे. वरच्या खोलीला ऊन लागतं हे घर बांधल्यापासून आपल्याला ठाऊक आहे. मोठा पाना खिडकी ढकलायला घेतला, म्हणजे तुला खिडकीपर्यंत उठवत नाही. अक्षर पेनामुळं वाकडं नाही. आणि मला आवडलेल्या मंडळीतच नेमकी खोट निघाली. नावडलेल्या मंडळीबद्दल तू विनोद केलास.

मी मागे बसलेल्या परक्या माणसावर संशय घेत होतो. फसवणारं माणूस समोर बसून पत्र लिहीत होतं.

काय झालंय तुला?

भोंगा


२ ऑक्टोबर

भोंग्या,

तुला कान कशाला दिले देवानं, असा मला आता प्रश्न पडलाय.

जुलैत जिन्यावरून पडले. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते, खालची पायरी आहे असं वाटलं आणि ती नव्हती. खुब्याला तडा गेला. समोरची नर्स, जिच्याबद्दल मी तुला नको ते लिहिलं, तीच रोज सकाळी येऊन अंग पुसते. तिनं दवाखान्यात कुणाला काही सांगितलं नाही. मी विचारून खात्री केली. आता चौकटीचा वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाते. चर्चच्या पायऱ्या जमत नाहीत. पाळक घरी येतात, माझ्या उशाशी बसून उपदेश करतात. तो चुकला तरी मला उठून जाता येत नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास. मला तू धावत यायला नको होतास. आपणहून यायला हवा होतास. यातला फरक तुला कळेल की नाही माहीत नाही, तू पुरुष आहेस.

पत्राचं खरं सांगते. पाळकांकडे मी शब्दही काढला नाही. मंडळीच्या नावांत आपल्या घराची किती नावं होती, आठव. आई, बाबा, वहिनी, तुझी लेक. एकेक कमी होत गेलं. तुझं गेलं की माझ्या नावाच्या वर कुणी नाही, खाली कुणी नाही. उसवलेल्या कापडाला शेवटी एक धागा राहतो ना, तसं. तो ओढायला माझाच हात होईना.

आणि बाकावरच्या हाताचं वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. देव मला क्षमा करो. म्हटलं, आता हा घाबरून परत येईल. कोषाध्यक्षांना मावसभाऊच नाही.

मी त्या मेजाचा विचार केलाच नव्हता. सगळे उठून गेले आणि तू बसून राहिलास, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी तुझ्यावर रुसले.

आता काय करायचं ते कर. रागवायचं असेल तर लांबलचक रागव, मला वाचायला वेळ आहे.

अक्का


९ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

सलाम. लांबलचक रागवायला बसलो होतो. कागद फाडले. आईसारखी पडलीस आणि आईसारखीच लपवलंस.

लेकीला सगळं सांगितलं. ती माझ्यावरच भडकली, "आत्याला सोडून आलातच कसे?" तिला म्हटलं, आत्याला कुणी सोडतं का? ती सोडू देते का? जावई उठला, काही न बोलता आतली खोली रिकामी करू लागला. कमी बोलणारा माणूस, म्हटलं होतं ना तुला. इथं लिफ्ट आहे. इमारतीच्या पंपाचं बेअरिंग मी बदललं, आता आवाज येत नाही.

विटांच्या चर्चला दारात दोन पायऱ्या आहेत. परवा म्हाताऱ्याला कागदावर लिहून दाखवलं, बहिणीला वॉकर आहे. त्यानं कागद वाचला, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि काल सकाळी तिथं जाऊन बघतो तर पायऱ्यांवर फळ्यांचा उतार ठोकलेला. मला म्हणाला, "ती गाते का?" म्हटलं, गाते. "खालच्या सुरात?" म्हटलं, नाही. जरा हिरमुसला.

तू येत असशील तर पाळकांकडून दोन नावांचं पत्र घे. येत नसशील तर एकही घेऊ नकोस. मी परत येतो, धावत नव्हे, चालत. म्हाताऱ्याला काय सांगायचं ते मी बघेन.

महिनाअखेरच्या शनिवारी गाडी करून येतोच आहे. ती एकट्याला घेऊन परतते, दोघांना, की मुळीच परतत नाही, हे तू ठरव.

तुझा,
भोंगा


१४ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. पाळक काल येऊन गेले. त्यांना बदलीपत्र लिहायला लावलं. दोन नावांचं नव्हे, एकाचंच. तुझं. शिक्का मी स्वतःच्या हातानं मारला, जरा तिरका बसलाय, पण चालेल. आता तुझी सबब संपली. येत्या प्रभुभोजनाला उठून मेजाकडे जायचं.

माझं नाव इथंच राहील. मी त्या गावी पाहुणी म्हणून येते, सभासद म्हणून नव्हे. न बघता कापड घेतलं की काय होतं ते निळ्या-जांभळ्यानं शिकवलंय. तुमचे पाळक खरंच कळत नाही म्हणून कळत नाही म्हणतात, की तो त्यांचा डाव आहे, हे मला जवळून बघायचंय. झग्याचा काठही बघायचाय. पटलं तर मग माझ्या पत्राचं बघू. घाई काय आहे?

पेटीवाल्या बाईंना सांग, भात्याचं कातडं मी शिवून देईन. एवढ्या दिवसांत कुणी शिवलं नाही म्हणजे तिथं सुई धरणारं कुणी नाही.

गाडीत माझ्यासाठी उशी आण. तीच, माळ्यावरची.

आणि त्या गिरणीवाल्या गृहस्थांना आधीच कळवून ठेव. माझ्या पाठीशी कुणी परक्यानं हात ठेवलेला मला चालणार नाही, ऐकू येवो न येवो. त्यांनी खुशाल तुझ्या मागे बसावं. मी त्यांच्या मागे बसेन. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?

अक्का